साय-फाय : सगळ्यात भारी चित्रपट आणि मालिका कुठल्या? (गच्चीवरच्या तीन शनिवारांसाठी)

टेकडीवरचा
कोथरूडच्या आमच्या सोसायटीत दिवाळीनंतर गच्चीवर सिनेमे दाखवायचं ठरलंय. पहिले तीन शनिवार साय-फायचे आणि निवड माझ्याकडे आली आहे. दोन शनिवारी चित्रपट, तिसऱ्या शनिवारी एखाद्या मालिकेचे दोन भाग. प्रेक्षकांत आठवी-नववीची मुलं असतील, आयटीतली जोडपी असतील, आणि निवृत्त मंडळी तर सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या धरतील.

माझं मत आधी मांडतो. चांगल्या साय-फायची माझी कसोटी एकच : जगाचा एखादाच नियम बदला आणि मग तो शेवटपर्यंत इमानाने पाळा. नायक अडचणीत आला म्हणून नियम वाकवायचा नाही. यान, लेझर, परग्रहवासी असले तर असोत, नसले तरी बिघडत नाही. या कसोटीवर माझी यादी : कुब्रिकचा '2001 : अ स्पेस ओडिसी' (1968), रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' (1982) आणि मालिकांमध्ये 'द एक्सपान्स' (2015 ते 2022). 'स्टार वॉर्स' माझ्या यादीत येत नाही. ती राजकन्या, मांत्रिक आणि तलवारींची गोष्ट आहे, फक्त यानात घडते.

तुमची तीन नावं द्या, पण 'का' तेही लिहा. नुसत्या याद्या गुगलवर ढिगाने मिळतात.

निशाचर
इंटरस्टेलर, इंटरस्टेलर, इंटरस्टेलर. झाली तीन.

सांजवेळ
'का' राहिलं की रे :)

खगोलवेडा
निशाचरच्या वतीने 'का' मी सांगतो.

'इंटरस्टेलर'मधलं (2014) कृष्णविवर काढायला भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनी समीकरणं दिली आणि दृश्यपरिणाम करणाऱ्यांनी त्यावरून प्रकाशकिरणांचे मार्ग मोजणारा प्रोग्राम लिहिला. कृष्णविवराभोवतीची तेजस्वी तबकडी वरूनही वळून आलेली दिसते आणि खालूनही. ती कुणा चित्रकाराची हौस नाही. तबकडीच्या मागच्या भागाचा प्रकाश गुरुत्वाकर्षणामुळे खरोखर तसाच वळेल. या कामावर 2015 साली शोधनिबंध निघाला. एक सवलत मात्र त्यांनी जाणूनबुजून घेतली : आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ आणि दूर जाणारी मंद दिसायला हवी, ते वगळलं, कारण प्रेक्षक गोंधळला असता. 2019 मध्ये एम87 दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा आली, तीत एक बाजू उजळ आहेच.

पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. म्हणजे काळ सुमारे 61 हजार पटींनी मंद. कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तरच हे शक्य आहे, आणि थॉर्न यांनी ते गणित करून बसवलं. 2017 साली त्यांना नोबेल मिळालं ते गुरुत्वीय लहरींसाठी. त्या लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे आणि त्या कामात आपली आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्र संस्था आहे. टेकडीवरचा, नियम पाळण्याचं याहून चांगलं उदाहरण मला दाखवा.

टेकडीवरचा
@खगोलवेडा, पहिल्या दोन तासांबद्दल एक शब्दही बोलणार नाही. पण शेवटच्या भागात कपाटामागून जे चालतं ते कुठल्या समीकरणात बसतं? प्रेम स्थळकाळ ओलांडून जातं असं एक पात्र सांगतं आणि पुढे कथाही तिकडेच वळते. नियम तिथे सुटला.

निशाचर
तुम्ही कसोटी हातात धरून बघा. मी सांगतो मी काय बघतो ते. 'इंटरस्टेलर'चा नायक ग्रहावरून यानात परततो, वर तेवीस वर्षं उलटून गेलेली असतात आणि तो मुलांचे साठलेले व्हिडिओ निरोप एकापाठोपाठ एक बघत बसतो. सापेक्षतावाद मला कॉलेजात परीक्षेपुरता कळला होता. तो काय भयंकर प्रकार आहे हे त्या खुर्चीत बसलेल्या बापाकडे बघून कळलं. ते बघून तुमच्या गच्चीवर कुणाचे डोळे ओले झाले नाहीत तर भेळ माझ्याकडून, सगळ्या सोसायटीला.

पेठी
'स्टार वॉर्स'ला एका वाक्यात बाहेर काढलंत, हे पटलं नाही.

1977 च्या आधी पडद्यावरची यानं म्हणजे बहुतेक चकचकीत, नुकती पुसून ठेवल्यासारखी. इथे पहिल्यांदा यान मळकं, ठोकलेलं, रडतखडत सुरू होणारं दिसलं. भविष्यातही वस्तू जुन्या होतील, हा विचार वैज्ञानिक नाही का? शिवाय त्यातल्या वाळवंटी ग्रहावर दोन सूर्य मावळतात. 2011 मध्ये केपलर दुर्बिणीला दोन ताऱ्यांभोवती फिरणारा ग्रह सापडला तेव्हा शास्त्रज्ञांना तोच ग्रह आठवला आणि त्यांनी त्याचं टोपणनाव तेच ठेवलं.

आणि मालिका म्हणाल तर 'स्टार वॉर्स'च्याच जगातली 'अँडॉर' (2022). जादुई तलवारी बाजूला ठेवून, हुकूमशाही कचेऱ्यांमधून, फायलींमधून आणि बढतीच्या आशेने काम करणाऱ्या माणसांमधून कशी चालते ते दाखवलंय. अलीकडच्या काळात मला इतकी धारदार राजकीय मालिका दुसरी दिसली नाही.

अर्धा_कप
अँडॉरला +१. तुरुंगाचे भाग बघून झाल्यावर मी बराच वेळ कुणाशी बोललो नाही.

आजी_ऑनलाइन
मुलांनो, तुमच्या याद्यांमध्ये दूरदर्शन कुठे आहे? ऐंशीच्या दशकात आमच्या वाड्यात एका घरी टीव्ही होता आणि 'स्टार ट्रेक' लागलं की तिथे चपला ठेवायला जागा नसायची. मूळ मालिका 1966 ते 1969 या काळातली, 79 भागांची. आपल्याकडे पोहोचेपर्यंत तिकडे तिचे चित्रपटही निघाले होते. पण आम्हाला काय त्याचं!

तिचे खडक खोटे होते हे आम्हालाही दिसत होतं. पण यानाच्या नियंत्रण कक्षात कोण बसलंय ते बघा : आफ्रिकन वंशाची अधिकारी स्त्री, जपानी वंशाचा सुकाणूवाला, आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना एक रशियन. तेव्हा हे दाखवायला धाडस लागत होतं. दर भागात एक प्रश्न घ्यायचा आणि त्याला भिडायचं. चित्रपटाला अडीच तासांत एकच प्रश्न झेपतो, म्हणून माझं मत कायम मालिकेला.

आपल्याकडेही झालं की काम. 'स्पेस सिटी सिग्मा' होती. 1989 ची 'इंद्रधनुष' होती, मुलांनी घरी संगणक जुळवला आणि तिथून पुढे सगळं घडलं. 1998 मध्ये केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली, मिलिंद सोमणची. माझा मुलगा ती बघून भौतिकशास्त्राकडे वळला, हे मी अभिमानाने सांगते.

हिंजवडी_एक्झिट
आजी, तुमच्या प्रतिसादाला नमस्कार. 'कॅप्टन व्योम'चं शीर्षकगीत अजून पाठ आहे.

माझी दोन नावं मालिकांमधलीच. पहिली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', 2004 ची नवी आवृत्ती. तिचा '33' हा भाग कुणीही बघा. मानवजातीतले उरलेसुरले लोक यानांच्या ताफ्यातून पळताहेत आणि शत्रू दर तेहतीस मिनिटांनी गाठतोय. पाच दिवसांहून जास्त कुणी झोपलेलं नाही. युद्ध जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ती तारवटलेली माणसं, चुकणारे हिशेब, आणि मग एका यानाबद्दल घ्यावा लागणारा निर्णय. मी बरीच वर्षं रात्रपाळीत प्रॉडक्शन सपोर्ट केलाय. थकलेलं डोकं निर्णय कसं घेतं हे पडद्यावर इतकं खरं मी कुठेच पाहिलं नाही. त्या भागाला ह्यूगो पुरस्कार मिळाला तो उगीच नाही.

दुसरी 'सेव्हरन्स' (2022). मेंदूत एक चिप बसवतात. ऑफिसात शिरलात की बाहेरचं काही आठवत नाही, बाहेर पडलात की आतलं काही आठवत नाही. बदललेला नियम एवढाच. त्यातून पुढचे प्रश्न आपोआप उभे राहतात : आतल्या माणसासाठी दिवस संपतच नाही, त्याला झोप माहीत नाही, रविवार माहीत नाही, आणि त्याचा राजीनामा मंजूर करायचा अधिकार बाहेरच्या माणसाकडे. टेकडीवरचा यांच्या कसोटीवर ही 'एक्सपान्स'पेक्षाही घट्ट बसते.

डेक्कनची_राणी
सेव्हरन्सचा पहिला सीझन संपतो तिथे कुणीही शेवट फोडू नका, हात जोडते. माझे दोन भाग बाकी आहेत.

रिळवाला
सगळे कथेबद्दल बोलताहेत म्हणून मी पडद्याबद्दल बोलतो. साय-फाय हा आधी सिनेमा आहे. तो डोळ्यांनी आणि कानांनी कळला पाहिजे.

'2001'मध्ये पहिली पंचवीस मिनिटं एकही संवाद नाही. आदिमानव हाड हवेत भिरकावतो आणि पुढच्या चौकटीत अंतराळयान. लाखो वर्षं एका कटमध्ये. यानाच्या आतली फिरती खोली खरोखर बांधली होती, अडतीस फूट व्यासाचं चाक, विमानं बनवणाऱ्या कंपनीकडून. नट चालायचा तेव्हा तो तळाशीच असायचा, चाक फिरायचं. अवकाशात आवाज नाही, फक्त माणसाचा श्वास. 1968 साली. तेव्हा माणूस चंद्रावर उतरायचा होता! आज संगणकावर काहीही काढता येतं, तरी त्या खोलीची वजनदार खात्री कुठे मिळत नाही.

दुसरा तारकोव्हस्कीचा 'स्टॉकर' (1979). लॉ कॉलेज रोडवर चित्रपट संग्रहालयाच्या थिएटरात पाहिला. एक निषिद्ध प्रदेश आहे, त्यात एक खोली आहे, तिथे मनातली सगळ्यात खोल इच्छा पूर्ण होते म्हणतात. तिघे जण निघतात. बाहेरचं जग तपकिरी, त्या प्रदेशात रंग. ना यान, ना यंत्र. गवत, पाणी, गंजलेले रणगाडे. आधी चित्रित केलेली बरीच फिल्म प्रयोगशाळेत खराब झाली आणि त्यांनी जवळजवळ सगळं पुन्हा चित्रित केलं. बाहेर पडल्यावर लॉ कॉलेज रोडची झाडंसुद्धा मी जपून बघत होतो.

धडधड
स्पष्ट बोलतो. '2001' आठवीच्या मुलांना दाखवलात तर अर्धी मुलं खाली क्रिकेट खेळायला जातील. पंचवीस मिनिटं माकडं! 'स्टॉकर' तर विचारूच नका.

साय-फायनं अंगावर काटा आणला पाहिजे. 'जुरासिक पार्क' (1993) आपल्याकडे हिंदीत डब होऊन आला तेव्हा इंग्रजी न समजणारी माणसंही थिएटरात ओरडत होती. ग्लासमधलं पाणी थरथरतं तेवढ्यानेच पोटात गोळा येतो. दोन तासांच्या चित्रपटात डायनोसॉर जेमतेम पंधरा मिनिटं आहेत, पण सगळ्यांना वाटतं ते शेवटपर्यंत होते. आणि टेकडीवरचा, तुमचा एकच नियम तिथेही आहे : जुन्या डीएनएपासून जीव परत आणता आला तर? पुढचं सगळं त्यातूनच आलं.

'टर्मिनेटर 2' (1991) आणि 'मॅट्रिक्स' (1999) माझे उरलेले दोन.

रिळवाला
धडधड, 'जुरासिक पार्क'बद्दल हातात हात. पण मुलांना कमी लेखू नका. माझ्या भाचीने नवव्या वर्षी '2001'मधल्या 'हॅल' संगणकाची मेमरी काढतानाचा प्रसंग पाहिला आणि विचारलं, त्याला दुखतंय का? पन्नास वर्षं समीक्षक ज्यावर लिहिताहेत तोच प्रश्न.

सांजवेळ
मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मुलांच्या बाजूने बोलते. 'ब्लेड रनर' मला प्राणापलीकडे आवडतो. रुटगर हाउअरने शेवटचं भाषण स्वतः छाटून नवं केलं, आणि पावसातली ती काही वाक्यं साय-फायमधला सगळ्यात उंच क्षण आहे असं मी मानते. पण सोसायटीच्या गच्चीवर आठवीच्या मुलांसमोर नको. हिंसा आहे, आणि नायक नायिकेशी जसा वागतो ते मला मुलांना समजावून सांगायची वेळ यायला नको. मोठ्यांसाठी वेगळा दिवस ठेवा आणि 2007 ची 'फायनल कट' आवृत्ती लावा. पहिल्या आवृत्तीतलं निवेदन चित्रपटाचा गळा दाबतं.

माझं नाव 'गटाका' (1997). जन्मतःच जनुकं तपासून माणसाची लायकी ठरवणारा समाज, आणि हृदय कमजोर आहे म्हणून सफाई कामगार ठरलेला, पण अंतराळात जायचंच असा हट्ट धरलेला मुलगा. भविष्यातली शहरं बांधायला पैसे घालवले नाहीत. फ्रँक लॉइड राइट यांनी आखलेली कॅलिफोर्नियातली सरकारी इमारत वापरली, ती आजही उद्याचीच वाटते. एका आकड्यावरून आयुष्य ठरतं असं ज्यांना रोज ऐकवलं जातं त्या मुलांना हा चित्रपट दाखवायलाच हवा. दहावी-बारावीचे पालकही शेजारी बसलेले असतील तर उत्तम.

खगोलवेडा
मुलांसाठीच बघायचं तर 'द मार्शियन' (2015). मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे पिकवतो आणि प्रत्येक अडचण मोजून, आकडेमोड करून सोडवतो. दोन गोष्टी आधी मुलांना सांगा, मजा वाढेल. एक, सुरुवातीचं वादळ होणार नाही, कारण मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी आहे. वारा कितीही जोरात सुटला तरी माणूस उडणार नाही. दोन, मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचे विषारी क्षार आहेत, फिनिक्स यानाला ते 2008 मध्ये सापडले. बटाटे लावण्याआधी माती धुवावी लागेल.

'ग्रॅव्हिटी' (2013) दिसायला अप्रतिम, पण हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकापर्यंत तरंगत जाता येत नाही. चित्रपट आला तेव्हा दोघांच्या उंचीत शंभराहून जास्त किलोमीटरचा फरक होता आणि कक्षांचे कलही वेगळे, साडेअठ्ठावीस अंश आणि साडेएक्कावन्न अंश. कक्षेचा कल बदलायला अफाट इंधन लागतं.

निशाचर
खगोलवेडा, तुमच्याबरोबर सिनेमाला यायचंय. मध्यंतरात शिकवणी फुकट.

आजी_ऑनलाइन
टेकडीवरचा, ते 'एक्सपान्स' एवढं डोक्यावर का घेतलंय सगळ्यांनी? नातवाने लावून दिलं होतं, पहिल्या भागात मला कोण कुठला तेच कळेना.

टेकडीवरचा
आजी, पहिले चार भाग सोसावे लागतात. पण त्यातलं विज्ञान एकदा कळलं की सुटत नाही.

वनाज स्टेशनला मेट्रो सुटते तेव्हा आपण मागे रेलतो ना? समजा ती रामवाडीपर्यंत वेग वाढवतच राहिली, तर सगळा प्रवास पाठीवर तोच दाब राहील. आता ती मेट्रो उभी करा, तोंड आकाशाकडे. मागची भिंत झाली जमीन. 'एक्सपान्स'मधली यानं अशी, उंच इमारतीसारखी मजल्यावर मजले. इंजिन चालू असेल तोवर पायाखाली जमीन, बंद केलं की तरंगायचं. अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवतात आणि तेच इंजिन ब्रेक म्हणून वापरतात. गुरुत्वाकर्षणाचं जादूचं बटण नाही.

राजकारणही तिथूनच येतं. लघुग्रहांच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसांची हाडं कमी गुरुत्वामुळे लांब आणि नाजूक. त्यांना पृथ्वीवर उभंसुद्धा राहता येत नाही. पाणी आणि हवा दुसऱ्यांच्या हातात. म्हणजे भौतिकशास्त्रातून शरीर, शरीरातून वर्ग आणि वर्गातून बंड. तीन सीझननंतर वाहिनीने मालिका बंद केली तेव्हा चाहत्यांनी अ‍ॅमेझॉनच्या कचेरीवरून विमानाला फलक बांधून उडवला, आणि पुढचे तीन सीझन आले. मी असतो तर वर्गणी दिली असती.

अर्धा_कप
सगळं तिकडचंच चाललंय. मराठीत काय? मला 2016 चा 'फुंतरू' तेवढा आठवतो. सुजय डहाकेने कॉलेजातली मुलं घेऊन केलेला प्रयत्न होता. लोकांनी फार जवळ केला नाही, पण मला त्याची हिंमत आवडली होती. त्यापलीकडे कोण?

पेठी
बजेट नाही हो आपल्याकडे. यान कुठून आणणार?

हिंजवडी_एक्झिट
बजेटचं कारण मी मानत नाही. 'प्रायमर' (2004) सुमारे सात हजार डॉलरमध्ये झाला. दोन इंजिनियर, एक गॅरेज, एक पेटी. ती पेटी कालयंत्र निघते. दिग्दर्शक आधी सॉफ्टवेअरमध्ये होता, कथा त्याची, मुख्य भूमिका त्याची, संगीत त्याचं. सनडान्स चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. 'कोहेरन्स' (2013) तर दिग्दर्शकाच्या राहत्या घरात झाला : जेवायला जमलेले मित्र, डोक्यावरून जाणारा धूमकेतू आणि गेलेली वीज. पुण्यात गॅरेज नाहीत की इंजिनियर नाहीत?

वाचनखूण
आणि कथा तर घरातच आहेत. पेठी, यान लागतंच कुठे?

जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' घ्या. खोदकामात एक प्राचीन पेटी सापडते, तिच्यात एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीचं ज्ञान असतं, आणि त्यावरून वामन नावाचा यंत्रमानव बनवला जातो. खोल्या, प्रयोगशाळा आणि भांडणारी माणसं. सहा भागांची मालिका आजही होईल, आणि आज ती जास्तच झोंबेल, कारण आपल्याला न कळणारी यंत्रं आपण बांधत सुटलोय.

गंमत म्हणजे नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांनी स्वतः बीबीसीसाठी विज्ञान मालिका लिहिली होती, 'ए फॉर अँड्रोमेडा' (1961). दूरच्या दीर्घिकेकडून रेडिओ संदेश येतो, त्यात एक संगणक बांधायच्या सूचना असतात, आणि माणसं तो बांधतात. तिचं बरंचसं चित्रण आज उरलेलं नाही, बीबीसीने त्या काळी फिती पुसून पुन्हा वापरल्या. पुढे कार्ल सेगन यांच्या कथेवरच्या 'कॉन्टॅक्ट'मध्येही (1997) संदेशातून यंत्राचा आराखडाच येतो. तीन खगोलशास्त्रज्ञ, तीन देश, आणि तिघांनाही एकच प्रश्न छळतोय : कुणीतरी दिलेलं यंत्र बांधावं का? आकाशाकडे बघण्यात आयुष्य गेलेल्या माणसांनी हा प्रश्न विचारलाय, म्हणून मी तो गंभीरपणे घेते.

नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवली होती. परीक्षकांना नाव बघून बक्षीस द्यायचा मोह होऊ नये म्हणून. कथा 'कृष्णविवर', बक्षीस पहिलं. मे 2025 मध्ये ते गेले. त्यांच्याच शहरात राहून त्यांच्या एकाही कथेची चांगली मराठी मालिका नसावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डेक्कनची_राणी
वाचनखूण, सुंदर प्रतिसाद. सत्यजित राय यांचंही नाव घ्यायला हवं. 1967 मध्ये त्यांनी 'द एलियन'ची पटकथा लिहिली होती. बंगालमधल्या खेड्यातल्या तळ्यात यान उतरतं आणि एका मुलाशी परग्रहवासीयाची मैत्री होते. हॉलीवूडच्या कंपनीशी बोलणी झाली, चित्रपट झालाच नाही. खेड्यातलं तळं आणि एक मुलगा, एवढंच हवं होतं.

धडधड
तेलुगूत 1991 मध्ये 'आदित्य 369' झाला, कालयंत्रातून थेट कृष्णदेवरायाच्या दरबारात. तेव्हा त्यांच्याकडे कुठे मोठं बजेट होतं? आपण शनिवारवाड्यात कालयंत्र उतरवलं तर मी पहिल्या दिवशीचं पहिलं तिकीट काढेन.

आजी_ऑनलाइन
चर्चा रंगली आहे, पण त्या बिचाऱ्याला गच्चीवर काय दाखवायचं ते कुणी सांगतच नाहीये.

टेकडीवरचा
आजी, मला उत्तर मिळालं. सगळं वाचून काल कमिटीला यादी दिली.

पहिला शनिवार 'कॉन्टॅक्ट'. वाचनखूण यांचा प्रतिसाद वाचून पुन्हा पाहिला. आठवीच्या मुलापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना कळेल, आणि माझ्या कसोटीला उतरतो : संदेश आला, एवढीच एक गोष्ट खोटी, बाकी शास्त्रज्ञ, सरकार, धर्म, पैसा सगळे जसे वागतील तसेच वागतात. दुसरा शनिवार '2001', धडधड यांचा विरोध नोंदवून. भिंतीएवढा पडदा मिळतोय तर तोच. 'ब्लेड रनर' मोठ्यांसाठी डिसेंबरात, सांजवेळ म्हणतात तसा.

तिसऱ्या शनिवारी 'एक्सपान्स' न लावता मूळ 'स्टार ट्रेक'चे दोन भाग, कारण दोन भागांत 'एक्सपान्स' उलगडत नाही आणि 'स्टार ट्रेक'चा प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर' आणि 'द ट्रबल विथ ट्रिबल्स', दोन्ही 1967 चे. पहिल्यात एका बाईचा जीव वाचला तर सगळा इतिहास बदलतो, आणि यानाचा कप्तान कर्क याला कळून चुकतं की नियम पाळायचा म्हणजे काय करायचं. दुसऱ्यात यानभर केसाळ गोळे. मुलांना तो पुरे.

निशाचर
कॉन्टॅक्ट चालेल. त्यातही मॅथ्यू मॅकॉनहे आहे, म्हणजे अर्धा इंटरस्टेलर झाला.

सांजवेळ
छान निवड. 'कॉन्टॅक्ट'आधी मुलांना खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबद्दल कुणी सांगू शकेल का? नारायणगावला जाताना पाटी दिसते, पण बहुतेक मुलांना तिथे काय आहे ते माहीत नसतं.

खगोलवेडा
मी येतो. चित्रपटात न्यू मेक्सिकोतल्या सत्तावीस अँटेना दिसतात, प्रत्येकी पंचवीस मीटर व्यासाच्या. आपल्या खोडदला तीस आहेत आणि प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर! गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण साधारण पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेली आहे. लांब तरंगलांबी पकडायची म्हणून तबकडी पातळ तारांच्या जाळीची केली, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात राहिले. जागा निवडताना आसपासचा रेडिओ गोंगाट कमी आहे हेही बघितलं होतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं, मुलांना घेऊन जा.

चित्रपटातला संदेश व्हेगा ताऱ्याकडून येतो. व्हेगा म्हणजे आपला अभिजित, पंचवीस प्रकाशवर्षांवर. दिवाळीनंतर सातच्या सुमारास वायव्येला तो गच्चीवरून स्पष्ट दिसेल. शहराच्या उजेडातही, इतका तेजस्वी आहे. चित्रपट सुरू करण्याआधी सगळ्यांना दाखवतो. नायिका कानाला हेडफोन लावून आकाश ऐकते तसं प्रत्यक्षात कुणी ऐकत नाही, संकेत संगणकच तपासतात, तेही तेव्हाच सांगेन.

रिळवाला
दुसऱ्या शनिवारसाठी मी तुमच्या प्रोजेक्टरवाल्याशी बोलतो. '2001'च्या सुरुवातीला जवळजवळ तीन मिनिटं पडदा पूर्ण काळा असतो आणि फक्त लिगेटी या संगीतकाराचं संगीत वाजतं. प्रोजेक्टर बिघडला समजून कुणीतरी ते हमखास पुढे ढकलतं. ढकलू देऊ नका. गच्चीवरचे आणि जिन्यातले दिवे त्याआधी बंद करायला सांगा, आणि मध्यंतर चित्रपटात जिथे दिलंय तिथेच घ्या, चहा तयार झाला म्हणून आधी नको. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर हवेत. सोसायटीचे गणपतीतले स्पीकर असतील तर दुपारीच लावून बघू, मी चारला येतो.